चौल: बंदर खाडीच्या तोंडाशी, जीव घाटमाथ्यावर

कुंडलिकाकाठ

अलिबागहून कुरूळ, आक्षी, नागाव मागे टाकत रेवदंड्याकडे निघालं की मध्ये चौल लागतं. बहुतेकांना ते लागून गेल्याचं कळतही नाही. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्येच एखादं तळं, कौलारू ओसऱ्या, आणि पुढे थेट रेवदंड्याचा कोट. याच गावाचं नाव ग्रीक, अरब, रशियन, पोर्तुगीज आणि इंग्रज अशा सगळ्यांनी आपापल्या कागदांत लिहून ठेवलं आहे. मराठीत मात्र चौलबद्दल लिहिलं जातं ते किल्ल्यांवर आणि देवळांवर. पेठ म्हणून चौल का उभं राहिलं, कशावर जगलं आणि कशाने बसलं, यावर बोलायला हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चौलला समुद्राने मोठं केलं असं आपण सहज म्हणतो. पण कोकणात चांगल्या खाड्यांना काय तोटा? धरमतर आहे, राजपुरी आहे, बाणकोट, दाभोळ, जयगड आहे. चौल मोठं झालं ते पाठीमागच्या घाटवाटांमुळे आणि त्या वाटा ज्या राजधान्यांना जाऊन मिळत होत्या त्यांच्यामुळे. घाटावरचं गिऱ्हाईक तुटलं आणि चौल बसलं.

आता जागा बघा. कुंडलिका सह्याद्रीतून उतरून कोलाड, रोहा करत येते आणि खाडी होऊन समुद्राला मिळते. तोंडाशी दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे, उत्तरेला रेवदंडा. चौल त्याच्या आत, खाडीच्या उत्तर अंगाला. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला कोर्लईचा डोंगर आडवा येतो, त्यामुळे आतल्या पाण्यात गलबतं निवांत राहतात. गावाच्या पूर्वेला डोंगराची रांग, तिच्यावर आज दत्ताचं देऊळ आणि हिंगलाजची लेणी आहेत. खलाशाला दुरून ओळखू येणारी खूण, वादळात आडोसा आणि प्यायला गोडं पाणी, हे सगळं एका जागी.

पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणच्या खालच्या बंदरांची यादी येते, तिच्यात पहिलं नाव सेमिल्ला, म्हणजे चौल. दुसऱ्या शतकात टॉलेमी सिमिल्ला लिहितो. कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुल येतं. डेक्कन कॉलेजने चौलला उत्खनन केलं तेव्हा वस्ती सातवाहनकाळापर्यंत मागे जाते हे जमिनीतूनही पुढे आलं.

मग मधली काही शतकं सोडून एकदम अल्‌ मसूदीकडे येतो, कारण त्याच्याइतकं स्पष्ट चित्र त्याआधी कोणी दिलेलं नाही. बगदादचा हा इतिहासकार इ. स. ९१६ च्या सुमारास इथे येऊन गेला. तो गावाला सैमूर म्हणतो. इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं त्याने लिहिलं आहे. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, तर काही इथेच जन्मलेले. त्यांचा एक प्रमुख असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. त्याला राजाने नेमलेलं असे आणि त्या समाजाचे तंटे तोच सोडवी. राजा कोण, तर शिलाहार झंझ. आणि झंझाच्या वर मान्यखेटचे राष्ट्रकूट. म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या रीतीने राहू द्यावं, न्यायही त्यांच्याच माणसाने करावा, अशी सोय हजार वर्षांपूर्वी या गावात होती. घाटावरच्या सम्राटाला अरबी घोडा आणि परदेशी माल हवा होता, किनाऱ्यावरच्या मांडलिकाला जकात हवी होती. चौल या दोघांच्या मध्ये उभं राहिलं.

१५१६ च्या आसपास पोर्तुगीज बार्बोसाने केलेलं वर्णन मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. तो म्हणतो, एरवी इथे माणसं थोडी, पण डिसेंबर ते मार्च मलबार आणि इतर ठिकाणची जहाजं आली की मोठा व्यापार चालतो. मलबारी जहाजं नारळ, सुपारी, मसाले आणतात, शिवाय तांबं, पारा, हिंगूळ येतो. परत जाताना गहू, कडधान्यं आणि सुती कापड नेतात. घाटावरून माल बैलांच्या पाठीवर येतो, एकेक माणूस वीस-तीस बैल हाकत असतो. चार महिन्यांची पेठ! बाकीचे आठ महिने चौल म्हणजे वाड्यांचं गाव. हे कळलं की गावाची ठेवण समजते. भक्कम दगडी बाजार, हवेल्यांच्या रांगा इथे का दिसत नाहीत असं लोक विचारतात. मालाची पाळंमुळं इथे नव्हतीच, तो इथे हात बदलत होता.

पुढचं प्रतिसादांमधून येऊ द्या.

घाटवाटा

फार दिवसांनी असा धागा आला. घाटवाटांबद्दल बोलायला मला निमित्त लागतच नाही, त्यात तुम्ही आयतं दिलंत.

चौलहून आत यायला दोन सोयी होत्या. एक, भरतीवर पडाव म्हणजे मालाची होडी टाकून खाडीने रोह्यापर्यंत. दुसरी, जमिनीवरून नागोठणे, तिथून अंबा नदीच्या कडेने पाली. पालीच्या पुढे सह्याद्रीची भिंत उभी राहते, आणि तिथेच नाडसूरजवळ ठाणाळ्याची लेणी आहेत. थोडं दक्षिणेला नेणवलीजवळ खडसांबळ्याची लेणी. दोन्ही जुनी, बौद्ध, बहुतांशी साधे विहार. रानात इतक्या आडजागी भिक्षू कशाला राहतील, असा प्रश्न नकाशा न बघणाऱ्याला पडतो. ठाणाळ्याच्या बाजूने वाघजाईचा घाट चढतो तो तैलबैल्याच्या पायथ्याशी निघतो. सुधागडच्या बाजूने सवाष्णीचा घाटही वर त्याच मुलखात येतो. वर घनगड, कोरीगड. तांड्याला पाणी, निवारा आणि चार माणसांची सोबत लागते, ती लेण्यांमध्ये मिळायची. आणि लेण्यांना दान कोण देई, तर वाटेवरचे व्यापारीच.

वाघजाईच्या वाटेने एकदा सामान पाठीवर घेऊन चढून बघा. कोकणातलं दमट ऊन, मग दाट रान, मग शेवटचा उभा टप्पा, आणि माथ्यावर आल्या आल्या हवाच बदलते. लादलेला बैल इथून चढायचा हे पायांना पटल्याशिवाय चौलचा व्यापार कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाचनवेडी

@घाटवाटा, तुमच्या वाटेवरूनच अफनासी निकितिन गेला ना? तो रशियातला त्वेरचा व्यापारी. साधारण १४६९ मध्ये होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्याच्या टिपणांत चौलहून पालीला आठ दिवस लागल्याचं आहे, आणि पाली डोंगरांपाशी आहे असंही. मग उमरी नावाचं गाव आणि मग जुन्नर. जुन्नरला पोचेपर्यंत पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. आपल्याकडचा पाऊस त्वेरच्या माणसाला कसा दिसला असेल याची कल्पना करूनच अंगावर काटा येतो.

जुन्नरला त्याचा घोडा तिथल्या असदखानाने काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडा आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडा गेला, असं सांगितलं. मुदत चार दिवसांची. खोजा महंमद खुरासानी नावाच्या एका बड्या माणसाने रदबदली केली म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. एका घोड्यावर त्याने किती आशा लावल्या होत्या ते त्या मजकुरातून जाणवतं. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, शाळेच्या आवारात. गेलात तर जरूर बघा.

घाटवाटा

हो, पाली आलं म्हणजे वाट हीच, फक्त घाट कोणता चढला ते त्याने लिहिलेलं नाही. आठ दिवस ऐकून नवल वाटतं, कारण अंतर तसं थोडं आहे. पण तांडा एकट्या माणसाच्या चालीने चालत नाही. बैल सकाळी लादायचे, ऊन चढलं की उतरवायचे, चरायला सोडायचे, परत लादायचे. वाटेत खाड्या आणि ओढे ओलांडायचे तर ओहोटीची वाट बघत बसायचं. आणि जकातीची चौकी आली की अर्धा दिवस गेलाच.

आगरकन्या

चौल माझं माहेर. गावाबाहेर राहून इतकी वर्षं झाली तरी चौल म्हटलं की हात आपोआप थांबतो, म्हणून लिहिते.

आमच्याकडे जुनी माणसं सांगत की चौलला ३६० देवळं आणि ३६० तळी. मोजली कोणी नसतील, पण वाडीगणिक तळं आणि पाखाडीगणिक देऊळ हे खरंच होतं. रामेश्वराच्या देवळात सभामंडपाच्या फरशीखाली तीन कुंडं आहेत: पर्जन्यकुंड, अग्निकुंड, वायुकुंड. पाऊस ओढ देई तेव्हा पर्जन्यकुंड उघडायची रीत होती. विहिरीची माती काढताना जुनी खापरं, विटांचे तुकडे निघायचे, आम्हा मुलांना त्याचं काही विशेष वाटत नसे. आता वाचते तेव्हा वाटतं, त्यातलं एखादं कुठल्या देशातून आलं असेल!

तुमच्या लेखात एक गोष्ट राहिली, ती जोडते. चौलला नुसतं माल हात बदलण्याचं ठिकाण म्हणू नका. या पट्ट्याला अष्टागर, म्हणजे आठ बागायती गावं, म्हणतात ते उगाच नाही. सुपारी, नारळ, विड्याची पानं, मीठ हे आमचं स्वतःचं पीक. घाटावरचा तांडा रिकाम्या पाठीने कधी चढला नसेल. घोडे आणि रेशीम श्रीमंतांसाठी. पण घाटावरच्या प्रत्येक घरात लग्नाला सुपारी लागते आणि रोज मीठ लागतं. इतिहासात सरदारांचे घोडे येतात, मिठाची गोणी येत नाही.

कुंडलिकाकाठ

ताई, हे तुम्ही फार नेमकं बोललात. मीठ वर आणि धान्य खाली, हा घाटाचा सगळ्यांत जुना सौदा. राजधान्या बदलल्या तरी तो थांबला नाही, आणि बंदर म्हणून चौल संपल्यावरही वाड्या टिकल्या त्याचं कारण हेच. आपल्याच आक्षीला शिलाहार राजा केशीदेवरायाच्या काळातला शिलालेख आहे, तो शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा वाचला गेला आहे. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत त्याचं नाव घेतात. कालाबद्दल अभ्यासकांमध्ये वाद आहे, पण या आगरात तेव्हाही नांदती, लेख कोरवून घेणारी वस्ती होती हे तर नक्की.

जुनीकागदं

मांडणी चांगली आहे, पण पोर्तुगीजांना तुम्ही फारच बाजूला ठेवता. माझ्या मते चौल मारलं ते त्यांनी.

क्रम बघा. मार्च १५०८ मध्ये खाडीच्या तोंडाशी मोठी आरमारी लढाई झाली. इजिप्तच्या मामलुकांचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या. व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो या लढाईत मारला गेला. त्याचा सूड बापाने पुढच्या वर्षी दीवला घेतला. १५१६ मध्ये पोर्तुगीजांनी चौलला वखार घातली, १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने किल्ला बांधू दिला. रेवदंडा तो हाच. तिथून पुढे खाडीच्या तोंडाची किल्ली परक्याच्या हातात. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक गलबताने त्यांचा कर्ताझ म्हणजे परवाना घ्यायचा, नाहीतर माल जप्त. होर्मुझचे घोडे त्यांनी गोव्याकडे वळवले. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला, त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर गेला. महिनोन् महिने वेढा चालला आणि १५७१ मध्ये उठवावा लागला. १५९४ मध्ये कोर्लईचा डोंगरही गेला. आता बंदराच्या दोन्ही दारांना त्यांचं कुलूप. असं गाव टिकेल कसं?

कुंडलिकाकाठ

मुद्दा वजनदार आहे. पण तुमच्याच तारखा घेऊन विचारतो. १५२१ ते १६०० या काळात चौल बसलं का? उलट तेव्हा ते भरात होतं. १५८३ च्या नोव्हेंबरात राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी चौलवरून गेला. होर्मुझला पोर्तुगीजांनी पकडून त्याला गोव्याला चालवलं होतं, म्हणजे हा माणूस कैदी, त्याला कौतुक करायचं काही कारण नाही. तो लिहितो की इथे दोन गावं आहेत, एक पोर्तुगीजांचं आणि एक मुसलमानांचं, आणि मसाले, औषधी, रेशीम, चंदन, हस्तिदंत, चिनी माल यांची मोठी उलाढाल चालते. माडाचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की माडापासून काय काय करतात ते त्याने सविस्तर टिपलं.

घोडे गोव्याला गेले हे खरं. पण त्या जागी रेशीम आलं. पोर्तुगीजांना चौल जिवंतच हवं होतं, कारण त्यांनाही जकात त्यातूनच मिळत होती. वरचं चौल निजामशाहीचं, खालचं चौल पोर्तुगीजांचं. एकमेकांशी लढले, पण एकमेकांवाचून कोणाचंच चालत नव्हतं. १५७१ च्या वेढ्यानंतर तह होऊन व्यापार पुन्हा सुरू झाला तो त्यामुळेच.

आता पुढे बघा. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. मलिक अंबरने राज्य काही वर्षं तगवलं, पण १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि तहात तिचं कोकण विजापूरकडे गेलं. विजापूरच्या आदिलशहाला चौलची गरज काय? त्याच्याकडे दाभोळ होतं, राजापूर होतं, वेंगुर्ला होतं. अहमदनगरचा मुलूख ज्या मोगलांकडे गेला त्यांचं बंदर सुरत. म्हणजे चौलचा जो पाठचा प्रदेश, त्याचा माल दुसऱ्या दाराने बाहेर पडायला लागला, आणि ज्याच्या हाती चौल आलं त्याच्या दृष्टीने ते चौथं-पाचवं बंदर. मला चौलचा शेवट इथे दिसतो. तोफेचा आवाज नाही, वेढा नाही. नुसती वाट बदलली.

नदीमुख

भूगोलाचा विद्यार्थी म्हणून गाळाचा मुद्दा मांडतो. कोकणातल्या सगळ्या खाड्या भरत गेल्या. सह्याद्रीचा उतार तीव्र, पाऊस धो धो, डोंगरावरचं रान तोडलं की माती थेट खाडीत. त्यात तोंडाशी वाळूचा दांडा साचतो. जहाजांचे आकार वाढत गेले, त्यांना खोल पाणी लागायला लागलं. मुंबईसारखं खोल आणि रुंद बंदर जवळ असताना कोण कुंडलिकेच्या तोंडाशी भरतीची वाट बघत बसेल?

कुंडलिकाकाठ

गाळ होताच. पण गाळ बंदराला अडचणीत आणतो, मारत नाही. राजापूरचं उदाहरण घ्या. गाव खाडीत खूप आत, मोठी जहाजं जैतापूरलाच थांबायची, तिथून माल होडक्यांनी वर. तरी इंग्रजांनी १६४९ मध्ये तिथे वखार घातलीच, कारण मागे अणुस्कुऱ्याचा घाट आणि त्यापलीकडे विजापूरचा मुलूख होता. माल हवा असला की माणसं चिखलातूनही उतरवतात.

मुंबईबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत, फक्त कारण थोडं निराळं. मुंबईजवळ खोल पाणी कायमच होतं. तरी सोळाव्या शतकात ती चौलच्या जवळपासही नव्हती. ती खरी वर आली ती घाट तिच्या पाठीशी आल्यावर. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली. बैलांच्या पाठीवरचा माल गाड्यांवर आणि मग डब्यांत गेला. वाघजाई आणि सवाष्णी गुराख्यांना उरल्या.

घाटवाटा

आणि आम्हाला.

पुलापलीकडे

वाचतेय शांतपणे. घाटाच्या बाजूने एक पुरावा कोणी दिला नाही, तो देते. नागोठण्याजवळ जुना दगडी पूल आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे: सोळाव्या शतकाच्या शेवटी चौलच्या काझी अलाउद्दीनने तो बांधला, खर्च तीन लाख रुपये सांगितला जातो. लांबी सुमारे ४८० फूट, आणि दोन कठड्यांच्या मधली रुंदी दहा फुटांपेक्षाही कमी.

या रुंदीवर मी बराच विचार केला आहे. समोरासमोर गाड्या जातील असा हा पूल नाही. लादलेले बैल, घोडे, पालख्या, पायदळ एका ओळीत जाईल इतकाच. आणि बांधणारा चौलचा! गावाजवळ मशीद किंवा तलाव बांधून नाव कमावता आलं असतं. त्याने पैसा घातला तो इतक्या दूर, अहमदनगरच्या वाटेवरच्या नदीवर. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर ओढे भरलेले असताना ही वाट बंद पडू नये, याची काळजी चौलच्याच माणसाला वाटत होती.

कुंडलिकाकाठ

काय सुंदर पुरावा दिलात! माझ्या सगळ्या लिखाणापेक्षा हा पूल जास्त बोलतो. मनापासून आभार.

मागावरचा

रेशमाचा उल्लेख आला म्हणून. फ्रेंच प्रवासी पिरार्ड सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात होता. त्याने चौलच्या रेशमी कापडाची आणि लाखकाम केलेल्या पेट्या-फर्निचरची तारीफ केली आहे. कच्चं रेशीम चीनहून येई, विणकाम चौलमध्ये होई आणि तयार माल गोव्याला आणि पुढे जाई. म्हणजे चौल फक्त दलालांचं गाव नव्हतं, कारागिरांचं होतं.

इंग्रजांना याची पुरेपूर कल्पना होती. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर (१६६९ ते १६७७) याच्या काळात चौलच्या विणकरांना मुंबईत आणून वसवायचे प्रयत्न झाले. बंदर उचलून नेता येत नाही, पण माग नेता येतो आणि मागाच्या मागे माणूस जातो. एखादी पेठ उठते तेव्हा व्यापारी आधी जातात असं म्हणतात. मला वाटतं कारागीर गेला की ती खरी उठली. व्यापारी परत येऊ शकतो, तीन पिढ्यांचा हात परत येत नाही.

जुनीकागदं

हे मान्य. मग एक प्रश्न विचारतो. शिवाजी महाराजांकडे वरचं चौल १६५७ नंतरच्या काळात आलं. राजधानी रायगड, म्हणजे चौलपासून फार दूर नाही. घाटही त्यांचेच. तुमच्या सिद्धांताप्रमाणे चौल पुन्हा उभं राहायला हवं होतं. का नाही राहिलं?

कुंडलिकाकाठ

या प्रश्नाची वाटच बघत होतो. पाठ एकाच्या हातात आणि तोंड दुसऱ्याच्या, अशी ती स्थिती. वरचं चौल स्वराज्यात, रेवदंडा आणि कोर्लई पोर्तुगीजांकडे, दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी, उत्तरेला मुंबईत इंग्रज. निजामशाहीच्या काळातही तोंड पोर्तुगीजांकडे होतं, पण तेव्हा दोघांचा व्यवहार जमलेला होता. इथे सतत लढाई. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये रेवदंड्याला वेढा घातला तो याच कोंडीतून, पण किल्ला हाती आला नाही. व्यापाऱ्याला दोन-चार वर्षं शांतता दिसली तरच तो भांडवल घालतो. शिवाय घाटमाथ्यावर तेव्हा मोगलांशी युद्ध पेटलेलं. गिऱ्हाईकाच्या घरालाच आग लागलेली.

चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर १७४० मध्ये तह होऊन रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पाठ आणि तोंड एका हातात यायला दोनशे वर्षांहून जास्त लागली. तोवर मुंबई उभी राहिली होती, आणि या किनाऱ्याचा कारभार आंग्र्यांच्या कुलाब्यातून, अलिबागेतून चालत होता.

समुद्रपक्षी

१७४० नंतर काय उरलं, तर कोर्लईची भाषा. पोर्तुगीज निघून गेले, पण कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या बोलीतून घडलेली भाषा अजून बोलतात. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. बोलणारे हजाराच्या घरात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठीसारखी, क्रियापद शेवटी येतं. लिखित परंपरा नाही, सरकारी आधार नाही, गोव्याशी रोजचा संबंध नाही, तरी पावणेतीनशे वर्षं घरातल्या बायकांनी ती मुलांच्या तोंडी दिली. पोरं आता शिकायला, नोकरीला बाहेर जातात. ती आत्ताच नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवी असं मला फार वाटतं, आणि ते काम गावातल्याच मुलांच्या हातून व्हावं.

शनिवारतेली

बेने इस्रायली लोकांचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहितो. जहाज फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्या समाजाची परंपरा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. हे माझं टोपणनाव त्यांच्या आदराने घेतलं आहे. रेवदंड्याला त्यांचं सिनेगॉग आहे. चेऊलकर, नागावकर, रोहेकर, पेणकर ही आडनावं त्यांच्यात आहेत. बहुतेक लोक मुंबईला आणि पुढे इस्रायलला गेले, गावाची नावं सोबत घेऊन गेले. सैमूरच्या हुनरमनपासून इथवर एकच धागा दिसतो: बाहेरून आलेल्याला आपल्या रीतीने राहू देणारं हे गाव होतं. पेठ चालायची तर ते लागतंच.

नवाप्रवासी

सगळं वाचलं आणि जायचं ठरलं. व्यापारी चौल बघायचं तर कुठून सुरू करू? प्रत्येक जण नुसता समुद्रकिनारा सुचवतो.

कुंडलिकाकाठ

किनारा शेवटी ठेवा. आधी वरचं चौल: राजकोटाचे अवशेष, हमामखाना म्हणजे जुनं स्नानगृह, जुनी मशीद. हमामखान्याची बांधणी नीट बघा, लांबून आलेल्या लोकांची सोय या गावाने किती मनावर घेतली होती ते कळेल. मग रामेश्वर. मग दत्ताच्या पायऱ्या चढून वर जा. खाडी, कोर्लई, रेवदंडा आणि पूर्वेची सह्याद्रीची भिंत हे सगळं तिथून एका नजरेत येतं, आणि वर चाललेला वाद समोर मांडलेला दिसतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला जत्रा असते, तेव्हा गर्दी खूप, पण पेठेचं गाव कसं भरत असेल याचा अंदाज येतो. नंतर रेवदंड्याचा कोट आणि सातखणी मनोरा. मनोऱ्याच्या पायथ्याला फार रेंगाळू नका, दगड सुटलेले आहेत. साळावच्या पुलावरून कोर्लईला जा.

पुलापलीकडे

आणि परतताना अलिबागवरून मुंबईला न जाता रोहा-नागोठण्यावरून या. पूल बघायला सकाळची वेळ बरी. पावसाळ्यात मात्र पाण्याजवळ उतरू नका, अंबेला पूर पटकन चढतो.

घाटवाटा

एक दिवस जास्त असेल तर नागोठण्याहून पाली, नाडसूर, ठाणाळे. गावातून वाटाड्या घ्याच, लेण्यांची वाट रानात चुकते. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर वाघजाईने वर तैलबैल्यापर्यंत चढून जाता येईल. पाणी भरपूर घ्या, वाटेत खात्रीचं मिळत नाही. मी जानेवारीत जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.